मोठ्या मापाची झडप

ज्या गावात मी जन्मले त्या गावाचं नाव मी तोंडानं घेत नाही. वलगावच्या पुढं आहे, पेढीच्या काठाला, एवढं पुरे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल आणि ज्यांना झोंबायचं त्यांना झोंबेल.

मेलेलं ढोर ओढणं, फाडणं, कातडं सोलणं हे आमच्या घराच्या वाट्याला आलेलं काम. माझा बाप श्रावण त्यात असा तयार होता, की त्यानं सोललेल्या कातड्याला कधी भोक पडलं नाही. छप्पन सालच्या दसऱ्याला तो नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. आल्या दिवशी त्यानं ढोरं ओढायचा दोर चुलीत घातला आणि चावडीवर जाऊन सांगितलं, "आजपासून आमी ढोर ओढत नाई. ज्याचं ढोर त्यानं ओढावं."

पुढच्या वैशाखात केशवराव देशमुखाचा बैल मेला. बोलावणं आलं, बाबा गेला नाही. दुसरं आलं, तेव्हाही नाही. तिसऱ्या खेपेला बोलावणं आलंच नाही, बैलच आला. भरदुपारी देशमुखाच्या गड्यांनी तो दुसऱ्या जोडीला बांधून आमच्या वस्तीपर्यंत फरफटत आणला आणि आमच्या विहिरीत ढकलला. केशवराव स्वतः काठावर उभा होता, डोक्यावर छत्री धरून. म्हणाला, "आता तं ओढाच लागंन, श्रावण!"

बाबानं तो बैल बाहेर काढला. काढणार नाही तर काय करणार? गावातल्या विहिरी आम्हाला बंद, आणि होती ती एकच, तिच्यात बैल. त्यानं हात लावलेलं ते शेवटचं ढोर. पाणी फडक्यातून गाळलं, उकळलं, पण वैशाखातली तहान पाणी निवायची वाट बघत नाही. माझा धाकटा भाऊ देवीदास चार वर्षांचा होता. घरात आम्ही त्याला देव्या म्हणायचो. त्याला हगवण लागली, ओकाऱ्या लागल्या, आणि अमरावतीला न्यायला गावात कुणी बैलबंडी दिली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या मांडीवरच तो गेला. मी दहा वर्षांची होते. फौजदार आला, देशमुखाकडे चहा पिऊन गेला.

आई त्यानंतर दीड वर्ष जगली, तेही जगण्यासारखं नाही. मग बाबा मला घेऊन अकोल्याला आला.

आता झडपेचं सांगते. अकोल्यात ढोरांचे एक डॉक्टर होते, सबनीस नावाचे, पुण्याकडचे. मुंबईचा एक मोठा सर्जन त्यांचा शाळेपासूनचा मित्र. माणसाच्या हृदयाला झडपा असतात. त्या खराब झाल्या की पुढं गेलेलं रक्त मागं येतं आणि माणूस चार पावलांत धापा टाकतो. विलायतेत डॉक्टर लोक त्या जागी डुकराची झडप बसवून पाहत होते, आणि या मित्रालाही ते करायचं होतं. मुंबईच्या कसाईखान्यातून येणारी हृदयं त्याला वेडीवाकडी कापलेली मिळत. सबनीसांनी त्याला लिहिलं, इथं माझ्याकडे एक माणूस आहे, त्याच्या सुरीसारखी सुरी तुझ्याकडेही नाही. तो माणूस म्हणजे माझा बाप. कापसाच्या जिनिंगमध्ये गठ्ठे उचलत होता, तिथून डॉक्टरांनी त्याला उचललं.

मी एकदा बाबाला विचारलं, "ढोर सोडलं म्हनता, मंग हे काय करून राहिले?" तो म्हणाला, "ते लादलं होतं, पोरी. हे मी आपल्या मनानं करतो, अन् डॉक्टर मले खुर्ची देते." मला ते पटलं.

बाबा डुकराच्या हृदयातून झडप कापून काढायचा. तीन पातळ पाकळ्या असतात, कांद्याच्या आतल्या सालीसारख्या. ती औषधाच्या पाण्यात मुरवायची आणि मग कापड चढवलेल्या तारेच्या कड्यावर शिवायची. ते शिवणं माझं. डॉक्टरांनी आधी दोन शिकलेली माणसं लावून पाहिली, पाकळ्या फाटल्या. मी आईजवळ गोधडी शिकलेली होते. जुनं, विरलेलं लुगडं फाटू न देता टाका कसा घ्यायचा हे जिला कळतं, तिला झडपही कळते. पाच-सहा वर्षं आम्ही कुत्र्यांसाठी झडपा केल्या, मग माणसांसाठी. बाबा कापायचा, मी शिवायची, डॉक्टर बरणी घेऊन मेल गाडीनं मुंबईला जायचे.

अडुसष्ट सालच्या माघात एक माणूस डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन प्रयोगशाळेत आला. पांढरा शर्ट, बोटात अंगठ्या. मी पाहताक्षणी ओळखलं. केशवरावाचा थोरला, शेषराव. बैल ढकलला तेव्हा हाही तिथं होता. त्यानं मला ओळखलं नाही. आमच्याकडे त्यांनी कधी धड पाहिलंच नव्हतं.

त्यानं पाणी मागितलं. मी दिलं. दोन पेले प्याला.

"वडिलाईची झडप गेली," तो म्हणाला. "मुंबईच्या डॉक्टरनं सांगतलं, विलायती लोखंडाची झडप चालत नाई. तिच्यासंगं रक्त पातळ कराचं औषध जन्मभर घ्या लागते, अन् त्याईच्या पोटात जखम हाय. रक्त थांबनार नाई म्हनते. डुकराचीच पाह्यजे, अन् मोठ्या मापाची. तुमच्यापाशी एकच हाय म्हनते."

खरं होतं. आपल्याकडची डुकरं लहान, त्यांची झडपही लहान. केशवराव धिप्पाड. त्याच्या मापाचं हृदय चार महिन्यांत एकच आलं होतं. बाबानं ते कापून ठेवलं होतं, शिवायचं बाकी होतं. बरणी माझ्या पाठीमागं फळीवर होती.

"तुमी कोनच्या गावच्या, बाई?" त्यानं सहज विचारलं.

मी सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. कोणती विहीर तेही सांगितलं. त्याची नजर आधी रिकाम्या पेल्याकडं गेली. हा त्यांचा पहिला विचार!

"पोटात गेलं ते गेलं, शेषराव," मी म्हटलं. "आता आयका. मी ही झडप शिवनार नाई. तुमच्या वडिलाईले सांगा, इथं या म्हना."

तो डॉक्टरांकडे तक्रार करील अशी मला भीती नव्हती. सांगायचं तर विहिरीपासून सांगावं लागलं असतं. मी डॉक्टरांना सांगितलं, मोठी झडप नाजूक आहे, वेळ लागेल. डॉक्टर बिचारे म्हणाले, "घाई करू नकोस, जमुना." मी खोटं बोलले, हो. मला त्याची लाज त्या दिवशी वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

आठ दिवसांनी केशवराव आला. दारापासून खुर्चीपर्यंत सहा पावलं असतील, त्यात दोनदा थांबला. ओठ निळे, पाय सुजलेले. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, ते मी त्या दिवशी बसून पाहिलं, आणि डोळे भरून पाहिलं. लहानपणी मी याला मालक म्हणायची.

"बसा, केशवराव," मी म्हटलं.

नुसतं नाव ऐकून त्याच्या कपाळाला आठी पडली, पण बसला. "झालं ते झालं, जमुना," तो म्हणाला. "तुमचा थो पोट्टा पान्यानं गेला का रोगानं, देवाले माहीत."

तुमचा थो पोट्टा. अकरा वर्षांनीही याला नावसुद्धा ठाऊक नव्हतं. तोवर माझ्या मनात थोडी चलबिचल होती, ती तिथं संपली.

मी बरणी त्याच्यासमोर ठेवली. "हे डुकराचं हाय. बाटान ना तुमी."

"जीव वाचते ना?"

"वाचते."

"मंग चालते."

मी हसले. डुकराचं मांस छातीत शिवलेलं चालतं, आणि माझ्या बापाची सावली चालत नव्हती! मी म्हटलं, "मले पैसा नको. माफी तं मुळीच नको, तिचं मी लोनचं घालू? तुमच्या गोठ्यात आता जे ढोर मरंन, ते तुमच्या पोरानं आपल्या हातानं ओढाचं. भाड्यानं मान्सं आनाचे नाई, बैल जुंपाचे नाई. गोठ्यापासून मारुतीसमोरून आमच्या विहिरीपर्यंत, दिवसाढवळ्या, सगळ्या गावासमोर. मी तिथं उभी राहीन. ढोर विहिरीपाशी आलं की त्या दिवसापासून चौथ्या दिवशी झडप तयार."

तो बराच वेळ धापा टाकत राहिला. मग म्हणाला, "शेषा ओढंन. माहा पोट्टा हाय थो." त्या आवाजात बापाची खात्री होती. आईबापांना अशी खात्री असते.

घरी बाबाला कळलं तेव्हा तो भाकर अर्धी टाकून उठला. "म्या काय म्हनलं होतं चावडीवर?"

"ज्याचं ढोर त्यानं ओढावं. तेच तं मी सांगतलं."

"म्या दोर जाळला, पोरी. दुसऱ्याच्या खांद्यावर टाकाले नाई जाळला." एवढं बोलून तो बाहेर जाऊन बसला. मी त्याचं ऐकलं नाही. देव्या त्याचा मुलगा होता, पण माझ्या मांडीवर गेला होता.

फाल्गुनात एका सकाळी नऊच्या सुमाराला देशमुखाची जीप आमच्या दारात उभी राहिली. पहाटे गोऱ्हा मेला होता, महिन्याभराचा. गडी खाली मान घालून म्हणाला, "तुमाले आनाले सांगतलं." मी पुढच्या सीटवर बसले. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, अमरावतीत राजापेठेत जीपनं पेट्रोल घेतलं, मग वलगाव. अकरा वर्षांपूर्वी याच रस्त्यानं एक बंडी मिळाली असती तर... पण असू दे.

दुपार झाली होती. आमची विहीर आता विहीर राहिली नव्हती. दगडमातीनं बुजलेली, वर बाभूळ उगवलेली. आमच्यापैकी चार घरं गावात टिकून होती. त्यांतली म्हातारी गंगूबाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. विहिरीपासून मारुतीपर्यंत आणि मारुतीपासून देशमुखाच्या गोठ्यापर्यंत रस्ता सरळ दिसतो. गाव दोन्ही बाजूंना जमलं होतं. इतकं गाव लग्नालाही जमत नाही.

गोऱ्हा गोठ्याच्या दारात पडला होता, मागचे पाय दोरानं बांधलेले. केशवराव ओसरीवर बाजेवर, उशीला टेकून. त्याची बायको माणिकबाई दारात. शेषराव आला. त्यानं दोर उचलला, खांद्यावर घेतला आणि दहा-पंधरा पावलं ओढलाही. मी म्हटलं, झालं माझं काम.

मग तो थांबला. मारुतीच्या पारावर त्याच्या मुलीच्या होणाऱ्या सासरचा एक माणूस बसला होता. नुसता बसला होता. शेषरावानं त्याच्याकडे पाहिलं, दोर खाली ठेवला आणि हात धोतराला पुसले.

"माह्या पोरीची सोयरीक जुळून राह्यली, बाबा," तो ओसरीकडे तोंड करून म्हणाला. "माह्याच्यानं नाई होत."

"शेषा," केशवराव म्हणाला, "माहा जीव हाय त्यात."

"मले समजते, बाबा. पन घराची अब्रू जाते." आणि तो घरात निघून गेला.

ज्या अब्रूसाठी केशवरावानं बैल विहिरीत लोटला, तीच अब्रू आता त्याच्या पोरानं त्याच्या तोंडावर फेकली. पेरलं ते उगवलं, आणि चांगलं पोसून उगवलं. मी यातलं काही योजलेलं नव्हतं. मला वाटलं होतं पोरगा ओढेल, बाप पाहील, दोघांची मान खाली जाईल. याच्याहून मोठा सूड त्यांनी आपल्याच हातानं घडवला.

मग केशवराव बाजेवरून उठला. माणिकबाई "अहो, अहो" करत राहिली. तो पायऱ्या बसत बसत उतरला, गोऱ्ह्यापाशी आला आणि त्यानं दोर उचलला. खांद्यावर घेणं जमेना, म्हणून दोन्ही हातांनी धरून उलटा चालत ओढू लागला. दोन पावलं ओढायचा आणि थांबायचा. ओठ जांभळे झाले होते. मारुतीसमोर तो गुडघ्यावर बसला. कुणी पुढं झालं नाही, कारण त्याला हात लावायचा म्हणजे मेलेल्या ढोराचा विटाळ. ज्यांनी त्याच्या घरचं मीठ खाल्लं ते पाराच्या मागं सरकले. तो उठला, पुन्हा ओढू लागला. मला वाटलं आता पडतो, इथंच मरतो. मरू नये असंही वाटलं. दया आली म्हणून नाही. अर्ध्यावर मेला असता तर सुटला असता.

अर्ध्या-पाऊण तासानं तो विहिरीपाशी पोचला आणि गोऱ्ह्याशेजारीच मातीत बसला. मग म्हणाला, "पानी."

गंगूबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ह्या विहिरीचं पानी नाई प्याचं, केशवराव. तिच्यात तुमचा बैल पडला होता."

त्यानं मान वर केली आणि विहिरीकडे पाहिलं, बाभळीकडे, मग माझ्याकडे. खाली मान घातली ती तो उठेपर्यंत वर केली नाही. त्याला घरी कुणी नेलं नाही, तो आपला आपण गेला. निघताना मी मागं वळून पाहिलं तर त्याला अंगणातच बसवून लांबून घागरी ओतत होते. आंघोळीशिवाय घरात घेणार नव्हते. मी जीप नाकारली आणि बसनं परत आले.

शब्द दिला होता, तो पाळला. तीन दिवस सकाळच्या उजेडात बसून झडप शिवली. प्रत्येक टाक्याला देव्याचं नाव घेतलं. एक टाका सैल सोडावा असंही मनात आलं. तो कुणाला कळला नसता, महिन्याभरात आपोआप उसवला असता. सुई हातात धरून बसले. मग वाटलं, मेलेल्या माणसाला कसला जाच? मी तो टाका घट्ट ओढला आणि त्याच्यावर दुसरा घातला. बाबानं भिंगाखाली सगळी शिवण तपासली. आठ दिवस तो माझ्याशी बोलला नव्हता. म्हणाला, "पक्की हाय." आणि बरणी बंद केली.

चैत्रात मुंबईला ऑपरेशन झालं. केशवराव जगला. डॉक्टर सबनीस पेढे घेऊन आले, म्हणाले, "जमुना, तुझ्या हातात देव आहे गं." देव नव्हता, देव्या होता, पण ते डॉक्टरांना काय सांगायचं!

एकोणसत्तरच्या पौषात, दुपारी, तो एकटाच अकोल्याला आला. या वेळी दारापासून खुर्चीपर्यंत न थांबता चालला. अंगानं अर्धा झालेला, पण श्वास नितळ. शर्टाची वरची गुंडी उघडी होती, छातीवर लांब व्रण दिसत होता. मी चहा दिला, आमच्या कपात. त्यानं दोन्ही हातांनी घेतला आणि बशीत न ओतता गरमच प्याला.

"शेषानं माहा लोटा येगळा ठेवला," तो म्हणाला. "ताट गोठ्यात येते. नातीच्या लग्नात मले मांडवात नाई बसू देलं. ढोर ओढलेला बुढा, अन् आत डुक्कर, म्हनते. माणिकसुदा दुरूनच वाढते."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आमचा लोटा कितीक पिढ्या वेगळा होता, याचा वर्षभर वेगळा राहिला तर एवढं तोंड वाकडं! मी म्हटलं, "मंग मी काय करू, केशवराव?"

त्यानं कप खाली ठेवला. "तसं नाई. म्या तक्रार कराले नाई आलो, जमुनाबाई." बाई म्हणाला. "निजलं की छातीत आवाज येते. आपलाच, पन दुसऱ्याचा वाटते. तेवा तुमचा थो पोट्टा ध्यानात येते. चेहरा आठवत नाई, पाह्यलाच नव्हता. नाव तं ठाव पाह्यजे मान्साले. नाव काय होतं त्याचं?"

बाबा आतल्या खोलीच्या दारात येऊन उभा होता. त्याचे ओठ हलले. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो थांबला.

मी केशवरावाचा कप उचलला, विसळला आणि फळीवर आमच्या कपांत ठेवला. मग म्हटलं, "नाई सांगत."

तो उठून गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. चहा पितो, तोच प्रश्न विचारतो, मी तेच उत्तर देते, आणि तो संध्याकाळच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याकडे परत जातो. बाबा म्हणतो, "सांगून टाक आता, पोरी, हलकी होशीन." डॉक्टर म्हणतात, या झडपा किती वर्षं टिकतील ते अजून कुणालाच ठाऊक नाही, चार म्हणा, पाच म्हणा. म्हणजे केशवरावाकडे तेवढा वेळ आहे. त्यानं विचारत राहावं.